बिघाड शोधण्याची विद्या

नवें यंत्र जुळवून प्रथम सुरू करावयाचें, त्या वेळीं परीक्षा यंत्राची होतेच. पण त्याहून अधिक ती जुळविणाराची होते. ह्याचा प्रत्यय मला नुकताच वर्ध्यालगतच्या पिपरी मेघे येथें, आमच्याच घरांत आला. माझ्या नातवानें शिकवण्या करून सांचविलेल्या पैशांतून सुटे भाग आणले आणि स्वतःच्या हातांनीं संगणक जुळविला. बटण दाबतांच पंखे फिरूं लागले, दिवा लागला. परंतु पडदा मात्र काळा तो काळाच. "आजोबा, मदरबोर्डच जळाला," असें म्हणून पोर रडकुंडीला आलें व दुसरा आणण्यासाठीं उसने पैसे मागूं लागलें. मीं त्यास थांबविलें. कारण मला एक जुना इतिहास आठवला.

स्वदेशी संगणक बांधण्याचा उद्योग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५५ च्या सुमारास सुरू झाला. डॉ. आर. नरसिंहन् हे त्याचे अग्रणी. त्यांच्या सहकाऱ्यांनीं संगणक बांधणें तर दूरच, तो कधीं वापरलाही नव्हता. तरीही ह्या मंडळींनीं एकदम मोठ्या यंत्रास हात घातला नाहीं. त्यांनीं आधीं एक लहान प्रायोगिक यंत्र उभारलें. १९५६ च्या अखेरीस तें चालूं लागलें. त्या अनुभवाच्या बळावर मग मोठें यंत्र हातीं घेतलें व १९६० मध्यें तें कामास लागलें. त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या, १७०० डायोड आणि १२,५०० रोधक होते. १९६२ मध्यें पंडित नेहरूंच्या हस्तें त्यास 'टिफ्रॅक' हें नांव मिळालें.

आतां विचार करा. हजारों नळ्यांचें यंत्र मुकें राहिलें, तर संशय कोणावर घ्यावा? लहान यंत्रांत दोषाला लपावयास जागा थोडी असते. हाच लहानापासून आरंभ करण्यांतला मोठा लाभ होय.

दुसरी गोष्ट अमेरिकेंतील. हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' ह्या यंत्रांत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं एका रिलेमध्यें अडकलेला पतंग सांपडला. तो काढून नोंदवहींत चिकटविण्यांत आला. यंत्रांतील दोषास 'किडा' म्हणण्याची रीति तेव्हांच जन्मली असें पुष्कळ जण समजतात. परंतु एडिसनच्या काळींही ती रूढ होती. ह्या गोष्टीचा खरा बोध निराळाच आहे. यंत्र प्रचंड होतें, किडा एवढासा होता. आणि तो तर्कानें नव्हे, डोळ्यांनीं सांपडला.

पुढें यंत्रालाच आत्मपरीक्षण शिकविण्यांत आलें. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीनें घरगुती संगणक काढला. तो सुरू होतांच प्रथम आपली स्मृति व इतर अंगें तपाशी आणि सर्व ठीक असल्यास एकच लहानसा नाद करी. नादांची ही सांकेतिक भाषा आजही कित्येक संगणकांत आहे. मात्र प्रत्येक कारखान्याची बोली वेगळी असते.

आम्हींही तोच मार्ग धरला. वीज तोडून अवश्य तेवढेंच ठेवलें, बाकी सारें उतरविलें. पेटींत पडून राहिलेला चिमुकला ध्वनिक्षेपक जोडला. मग स्मृतीच्या दोन्ही पट्ट्या काढून बटण दाबलें. यंत्रानें लागोपाठ नाद सुरू केले. नातू घाबरला, मला मात्र हायसें वाटलें. जो तक्रार करतो तो जिवंत असतो! मदरबोर्ड व प्रोसेसर शाबूत होते. तेच स्मृति नसल्याचें ओरडून सांगत होते. पुन्हां वीज तोडून एक पट्टी खांचेंत नीट दाबली, तोंच दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून बसल्या. बटण दाबतांच पडद्यावर अक्षरें उमटलीं. मोडेल ह्या भीतीनें पोरानें ती आधीं अर्धवटच बसविली होती.

वर्गांत गणित चुकलें कीं मुलें सारी पाटी पुसून टाकीत. मी म्हणत असें, पुसूं नका, कोणत्या पायरीवर चुकलां तें पाहा. यंत्राचें शास्त्र मला फारसें अवगत नाहीं. पण त्या दिवशीं तोच जुना पाठ उपयोगी पडला आणि मुलाचे कष्टाचे पैसे वांचले.