ठाण्याचा पोर्तुगेज काळ आणि आयबेरियन भाषांचे अध्ययन

ठाणे शहराच्या पूर्वेस, लोहमार्ग आणि खाडी यांच्यामधील पट्ट्यात कोपरी हे गाव आहे. या खाडीकाठावर, किंबहुना सबंध साष्टी बेटावर, १५३४ च्या तहापासून १७३७ पर्यंत पोर्तुगेजांचा अंमल होता. त्यांतील १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडे असल्यामुळे, स्पेनचा राजा हाच ठाण्याचाही धनी होता. स्पॅनिश भाषा शिकण्याचे लाभ सांगताना व्यापार, प्रवास आणि परदेशातील नोकरी यांचाच उल्लेख बहुधा केला जातो. परंतु ठाण्याच्या इतिहासाच्या अभ्यासकास या भाषेपासून, आणि तिच्या पोर्तुगेज या भगिनीपासून, होणारा लाभ निराळ्या प्रकारचा आहे.

साठ वर्षांच्या स्पॅनिश राजसत्तेचा मराठीवर काही ठसा उमटला काय, हा प्रश्न सहजच उद्भवतो. राजकीय इतिहासाचे उत्तर नकारार्थी आहे. १५८१ मध्ये तोमार येथे दुसऱ्या फिलिपने पोर्तुगालचा कारभार पोर्तुगेज भाषेतच चालेल असे अभिवचन दिले होते. शब्दांची साक्षही याच निर्णयाला पुष्टी देते. भाकरीच्या पिठापासून भिन्न अशा त्या पदार्थास पोर्तुगेजात ‘पांव’ आणि स्पॅनिशमध्ये ‘पान’ म्हणतात. मराठीत आला तो ‘पाव’. किल्लीस पोर्तुगेजात ‘शावी’ आणि स्पॅनिशमध्ये ‘ल्यावे’ म्हणतात. मराठीने ‘चावी’ स्वीकारली. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आज लिस्बनमध्ये ऐकू येणारा ‘श’ हा उच्चार पुढील काळातला होय. सोळाव्या शतकात त्या जागी ‘च’ हाच उच्चार होता, आणि मराठीने तो अद्याप जतन करून ठेवला आहे. ‘बिजागरी’ मात्र या वादात निरुपयोगी ठरते, कारण तिचे मूळ रूप दोन्ही भाषांत एकच आहे.

अशा तौलनिक ज्ञानावाचून व्युत्पत्ती कशी फसते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘साबण’. पोर्तुगेजांकडून आलेल्या शब्दांच्या लोकप्रिय याद्यांत तो हटकून आढळतो. परंतु ज्या अनुनासिक अंत्यस्वरापासून मराठीत ‘पाव’ आणि ‘लिलाव’ ही रूपे सिद्ध झाली, तोच अंत्यस्वर पोर्तुगेज ‘साबांव’ या शब्दात आहे. तेव्हा मराठीत ‘साबाव’ व्हावयास हवे होते. ‘साबण’ या शब्दातील अंत्य व्यंजन अरबी ‘साबून’शी जुळते. म्हणून तो फारसीच्या मार्गाने आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या क्षेत्रातील पायाभूत कार्य सेबास्तियांव रुदोल्फु दाल्गादु या गोमंतकीय विद्वानाने केले. आशियाई भाषांतील पोर्तुगेज शब्दांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी, १९०६ मध्ये, त्यांनी वसई, साष्टी, मुंबई या भागातील ख्रिस्ती समाजाच्या मिश्र पोर्तुगेज बोलीवरही लिहिले होते. त्या बोलीची एक शाखा रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे आजही बोलली जाते.

शब्दांकडून कागदपत्रांकडे वळले म्हणजे हा लाभ अधिक ठळकपणे जाणवतो. सिमांव बोतेल्यु याने १५५४ मध्ये तयार केलेल्या महसुली नोंदवहीत परगणा, कसबा, मांडवी हे येथलेच शब्द पोर्तुगेज पेहरावात वावरताना दिसतात. वसईचे पोर्तुगेज लेखन इंग्रजी सवयीने वाचणारा ‘बाकैम’ असे काहीतरी उच्चारील. प्रत्यक्षात ज्या अक्षरास तो ‘क’ समजतो त्याचा उच्चार ‘स’ आहे, आणि शेवटचा ‘म’ हे केवळ अनुनासिकाचे चिन्ह आहे. ‘बसाईं’ असे वाचले की वसई आपोआप ओळखू येते. कोपरीसारखी लहान गावे अशा कागदांत शोधावयाची तर कानाने शोधावी लागतात. नुसते पोर्तुगेज जाणणाऱ्यास ते साधत नाही, नुसते मराठी जाणणाऱ्यासही नाही. लिस्बनच्या विद्वानापेक्षा मराठी विद्यार्थ्याची बाजू येथे वरचढ आहे. मात्र तिचा उपयोग फार थोड्यांनी करून घेतला.

त्या थोड्यांमध्ये पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९) हे अग्रगण्य होत. वसईच्या मोहिमेचे मराठी कागद सरदेसाई यांनी पेशवे दप्तराच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले होते, पण प्रतिपक्षाचे म्हणणे गोव्याच्या दप्तरखान्यात पडून होते. पिसुर्लेकर यांनी त्या दप्तरखान्यातील राज्यमंडळाचे ठराव १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत छापले, आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रकाशित केला. १९५२ च्या त्यांच्या पोर्तुगेज ग्रंथातून तर एक विसरलेला वर्गच प्रकाशात आला: पोर्तुगेजांच्या वतीने एतद्देशीय दरबारांशी बोलणी करणारे हिंदू, मुसलमान, ज्यू व पारशी वकील. त्यांच्याच बरोबरीने ‘राज्याचा दुभाषी’ हा सरकारी हुद्दाही होता. १६८४ मध्ये पोर्तुगेज सरकारने देशी भाषा तीन वर्षांत टाकून देण्याचा हुकूम काढला, तरी या दुभाष्यावाचून त्याच सरकारचा पुढील शतकातही निभाव लागला नाही.

१५८० ते १६४० या काळापुरते पाहिले तर पिसुर्लेकर यांची वाटही अपुरी पडते. राजा व गोव्याचा व्हाइसरॉय यांच्यातील पत्रव्यवहाराचे खंड गोव्यात आणि लिस्बनमध्ये विभागलेले असून त्यांची भाषा पोर्तुगेज आहे. परंतु फिलिप राजांच्या मंत्रिमंडळातील पोर्तुगालविषयक कागदांचा मोठा संग्रह स्पेनमधील वायादोलिदजवळच्या सिमांकास येथील दप्तरखान्यात आहे, आणि तेथे स्पॅनिशवाचून पान उलटता येत नाही. पोर्तुगेज येणाऱ्यास ती भाषा वाचण्यापुरती आत्मसात करण्यास फार श्रम पडत नाहीत.