नळाला हात लावला म्हणून भागत नाही : स्थिर विजेची एक घरगुती कथा

घरी लॅपटॉप उघडून रॅम बदलायची म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो : आधी नळाला हात लाव, मगच आत हात घाल. सल्ला चुकीचा नव्हता. पण तो ज्या घरासाठी निघाला, ते घर आता पुण्यात फारसं उरलेलं नाही.

घासलेल्या अंबराला गवताची काडी चिकटते, हे माणसाला फार जुनं ठाऊक. संस्कृतात अंबराला तृणमणी म्हणतात, फारसीत कहरुबा, म्हणजे काडी ओढणारा. ग्रीकांनी त्याला एलेक्ट्रॉन म्हटलं, आणि त्यावरून विजेचं इंग्रजी नाव आलं. दारूगोळ्याची कोठारं सोडली तर शतकानुशतकं ही गंमतच होती.

गंमत संपली ती १९६३ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत फ्रँक वॉनलासने सीमॉस जातीचं सर्किट मांडलं. यातल्या ट्रान्झिस्टरमध्ये काचेच्याच जातीचा एक अतिशय पातळ थर असतो. जास्त दाबाची वीज आली की त्याला भोक पडतं. आता बघा, आपल्या बोटाला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. चिप शंभरातसुद्धा जायबंदी होऊ शकते. म्हणजे तुम्हाला काही कळतच नाही! पुढे चिपच्या आत संरक्षक डायोड आले, पण धोका पूर्ण गेला नाही. कधीकधी चिप मरत नाही, नुसती दुखावते. लॅपटॉप सुरू होतो, महिन्याभराने अडखळायला लागतो, आणि आपण रॅम बनवणाऱ्याला शिव्या देतो.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं आणि १९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर होते, तेही सीमॉसच. तोवर असे भाग हाताळताना मनगटाला पट्टा बांधायचा हा जगभरचा शिरस्ता झाला होता. घरी मात्र पट्टा कोण आणणार? म्हणून नळ.

पेठेतलं जुनं घर आठवा. शहाबादी फरशी, अनवाणी पाय, सुती कपडे, आणि नळाची लोखंडी पाइप थेट जमिनीत गेलेली. अंगावर साठलेली वीज निघून जायला वाटाच वाटा. आज खाली गुळगुळीत टाइल्स, पायात फोमची चप्पल, अंगात पॉलिस्टर, आणि नळामागे प्लास्टिकची पाइप. त्या नळाला हात लावून वीज जाणार कुठे? त्यात पुण्याची हवा. जुलैत फारशी चिंता नाही. मार्च-एप्रिलच्या दुपारी मात्र आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते.

दुसरा सल्ला डेस्कटॉपच्या काळातला : प्लग लावून ठेवा, अर्थिंग मिळतं. तेव्हा लोखंडी डबा होता आणि तीन पिनांची वायर होती, म्हणून ते चालायचं (तरी मला तेव्हाही ते आवडत नसे). लॅपटॉपचे बरेच अडॅप्टर दोन पिनांचे असतात. तिथे अर्थिंग नाही, उलट बोर्डात वीज जिवंत. अडॅप्टर काढायचा, झाकण उघडल्यावर बॅटरीचं कनेक्टरही सोडवायचं.

मुळात गरज जमिनीची कमी आणि बरोबरीची जास्त. तुमचं अंग, लॅपटॉप आणि नवी रॅम, तिघांचा विद्युत दाब सारखा हवा. म्हणून पलंगावर, ब्लँकेटवर काम नको. लाकडी टेबल बरं. आधी लॅपटॉपच्या आतल्या उघड्या धातूला हात लावायचा, अधूनमधून पुन्हा लावायचा. रॅम शेवटच्या क्षणापर्यंत चंदेरी पिशवीत, आणि धरायची ती कडांनी. ती पिशवी आतल्या वस्तूला जपते. वर ठेवलेल्या वस्तूला नाही.

पट्टा घेतलाच तर त्याचा चिमटा त्याच धातूला लावा. पण घरी नुसती तार गुंडाळून पट्टा करू नका. विकतच्या पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोध असतो, आणि तो चिपसाठी नसून तुमच्यासाठी असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला, तर पट्ट्यातून पाव मिलिअँपियरही जात नाही. साध्या तारेला ती अडवणूक नसते.