स्थितिस्थापक तरंगांचे सीमापृष्ठावरील परावर्तन व पारगमन : नॉट आणि झोप्रिट्झ यांच्या समीकरणांचा इतिहास

प्रस्तावना :
पृथ्वीच्या अंतरंगाचे ज्ञान मुख्यत्वे भूकंपतरंगांवर आधारलेले आहे. दोन भिन्न खडकांच्या सीमापृष्ठावर हे तरंग पोहोचले की त्यांच्या ऊर्जेचा काही भाग परावर्तित होतो व उरलेला पुढे जातो. या विभागणीचे गणित ‘झोप्रिट्झ समीकरणे’ या नावाने शिकविले जाते. तथापि त्याच्या श्रेयाचा इतिहास या नावावरून वाटतो तितका सरळ नाही.

समस्येचे स्वरूप :
घन पदार्थात प्राथमिक आणि दुय्यम असे दोन प्रकारचे तरंग प्रवास करतात. त्यामुळे सीमापृष्ठावर तिरपा आदळणारा एकच प्राथमिक तरंग सामान्यतः चार तरंगांना जन्म देतो : परावर्तित प्राथमिक व दुय्यम आणि पारगामी प्राथमिक व दुय्यम. सीमेच्या दोन्ही बाजूंना विस्थापन व प्रतिबल यांचे सातत्य राहिले पाहिजे, या अटीतून चार समीकरणे मिळतात व चारही आयाम निश्चित होतात. तरंग लंबरूप आदळल्यास मात्र प्रश्न सोपा होतो. तेथे प्रत्येक माध्यमाची घनता व तरंगवेग यांचा गुणाकारच निर्णायक ठरतो.

नॉट यांचे कार्य :
स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ कारगिल गिल्स्टन नॉट (१८५६–१९२२) हे १८८३ ते १८९१ या काळात टोकियो येथे प्राध्यापक होते. जपानमध्ये १८८० साली स्थापन झालेल्या भूकंपशास्त्रीय संस्थेमुळे तेथे या विषयाच्या अभ्यासास अनुकूल वातावरण लाभले होते. १८९९ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नॉट यांनी सीमापृष्ठावरील ऊर्जेच्या वाटपाचे सविस्तर विवेचन केले.

झोप्रिट्झ यांचे कार्य :
गटिंगेन येथे एमिल वीखर्ट यांच्यासमवेत काम करणारे कार्ल झोप्रिट्झ यांनी हाच प्रश्न विस्थापनांच्या आयामांच्या रूपात मांडला. १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे हे विवेचन मरणोत्तर, १९१९ साली प्रकाशित झाले.

उपयोजन :
हे गणित निर्दोष असले तरी हाताने आकडेमोड करणे अत्यंत किचकट होते. १९४० मध्ये मस्कट व मेरेस यांनी परावर्तन व पारगमन गुणांकांची गणिते प्रसिद्ध केली. पुढे १९८४ मध्ये ऑस्ट्रँडर यांनी दाखविले की वायुयुक्त वालुकाश्मावरून येणाऱ्या परावर्तनाचा आयाम आपातकोनानुसार विशिष्ट रीतीने बदलतो. तेव्हापासून ही समीकरणे तेल व वायूच्या शोधात नित्याची झाली.

समारोप :
कालक्रमाने अग्रक्रम नॉट यांचा असला, तरी रूढ नाव झोप्रिट्झ यांचे राहिले. याचे एक कारण असे संभवते की, उपयोजनास आयामांची मांडणी अधिक सोयीची होती. उपयुक्ततेने नाव रूढ होते. परंतु त्यामुळे पूर्वसूरींचे ऋण फिटत नाही. म्हणून काही अभ्यासक वापरीत असलेले ‘नॉट–झोप्रिट्झ समीकरणे’ हे संयुक्त नाव अध्यापनातही स्वीकारणे इतिहासाशी अधिक प्रामाणिक ठरेल.