तीन मिनिटांचं गाणं आणि एक नाव

कलकत्ता, नोव्हेंबर १९०२

तुम्ही हॉटेलच्या एका मोठ्या खोलीत भिंतीला टेकून उभे आहात. हलायचं नाही, खोकायचं नाही, अशी ताकीद मिळालेली आहे. समोर पत्र्याचा लांब कर्णा टांगलाय. त्याचं निमुळतं टोक पडद्यामागच्या यंत्रात शिरलंय. यंत्राला वीज लागत नाही. एक जड वजन हळूहळू खाली उतरतं आणि त्याच्या ओढीने मेणाची जाडजूड तबकडी फिरते. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने पाठवलेला फ्रेड गायसबर्ग तबकडीवर वाकून सुईची जागा पुन्हा पुन्हा तपासतोय.

गौहर जान आत येतात. वय २९. मैफलीत त्या एकच बंदिश तासभर खुलवतात. इथे त्यांना तीन मिनिटं मिळणार आहेत. त्यांना कर्ण्याच्या अगदी तोंडाशी उभं केलं जातं. स्वर तारसप्तकात चढला की डोकं मागे घ्यायचं, नाहीतर सुई उडेल. खर्जात उतरला की जवळजवळ कर्ण्यात तोंड घालायचं, नाहीतर मेणावर काही उमटणारच नाही. सारंगीवाला जवळ आहे, तबला जरा लांब. चूक झाली तर पुसून दुरुस्त करायची सोय नाही, ती तबकडीच वाया जाते.

इशारा होतो आणि गाणं सुरू होतं. आलापाला वेळ नाही, म्हणून त्या थेट मुखड्यावर येतात. तिसऱ्या मिनिटाच्या काठावर समेवर येऊन थांबतात आणि खणखणीत इंग्रजीत पुकारतात: ‘माय नेम इज गौहर जान!’

तुम्ही दचकता. पण या पुकाऱ्यामागे साधी व्यवहाराची गरज आहे. या मेणाच्या तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जाणार आहेत. रेकॉर्डी तिथे छापल्या जातील. छापणाऱ्यांना ना भाषा कळणार, ना गाणारीण कोण ते. लेबलवर योग्य नाव पडावं, म्हणून ते गाण्यातच ओवून दिलेलं आहे.

हा पुकारा लक्षात ठेवा, कारण पुढच्या सव्वाशे वर्षांत असंख्य आवाज टिकतील, पण त्यांची नावं गळून पडतील. जुनं ध्वनिमुद्रण शोधून पुन्हा प्रसिद्ध करणं म्हणजे आवाज साफ करणं, असं आपण समजतो. खरं तर तो आवाज ज्याचा किंवा जिचा आहे, त्या माणसाला त्याचं नाव परत देणं हे त्यातलं मोठं काम आहे.

मद्रास, १९१०

आता तुम्ही छापखान्यात आहात. शाईचा वास, ओल्या कागदांच्या चळती. एक बाई मुद्रितं बारकाईने वाचतायत. या बंगळूर नागरत्नम्मा. जन्म १८७८चा, बालपण म्हैसूरला गेलं, नाव बंगळुरूच्या मैफलींतून झालं आणि आता मुक्काम मद्रासला. त्यांच्याही गाण्याच्या तबकड्या निघाल्या आहेत, पण आज त्या गाण्यासाठी आलेल्या नाहीत.

त्यांच्यासमोर आहे ‘राधिका सांत्वनमु’, १८व्या शतकात तंजावरच्या मराठा दरबारात मुद्दुपळनी या कवयित्रीने रचलेलं तेलुगू काव्य. ते १८८७ साली छापलं गेलं होतं, पण काही पद्यं गाळून. कवयित्रीने आपल्याविषयी आणि आपल्या कुळाविषयी लिहिलेला मजकूरही त्या आवृत्तीतून उडाला होता. नागरत्नम्मांनी जुनी हस्तलिखित प्रत मिळवली, पाठ ताडून पाहिले आणि काव्य संपूर्ण छापायचं ठरवलं.

या आवृत्तीवर अश्लीलतेचा आरोप होईल, १९११ साली सरकार बंदी घालेल आणि ती उठायला १९४७ उजाडेल, हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. पण पुनर्प्रकाशन कसं करावं याचा वस्तुपाठ त्यांनी आत्ताच घालून दिला आहे. पूर्ण पाठ द्यायचा, गाळलेलं परत आणायचं आणि जिने लिहिलं तिचा परिचय पुस्तकाच्या आतच ठेवायचा.

म्हैसूर, १९२८

बंगळुरूहून मीटरगेजने तुम्ही म्हैसूरला उतरता. १ ऑगस्टला महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियारांनी गौहर जानना राजवाड्याच्या गायिका म्हणून नेमलं आहे. १९०२ ते १९२०च्या दरम्यान ज्यांची ६००च्या आसपास ध्वनिमुद्रणं झाली, बंगाली, हिंदुस्थानी, गुजराती, मराठी, तमिळपासून इंग्रजी-फ्रेंचपर्यंत ज्या गायल्या, त्या गौहर जान दिलखुश कॉटेज नावाच्या घरात राहताहेत. कोर्टकज्ज्यांत बरीच मालमत्ता गेली आहे. सोबत फार कुणी नाही.

तुम्ही राजवाड्याच्या कचेरीत डोकावता. कारकून नेमणुकीचे, पगाराचे कागद बांधून फडताळात ठेवतोय. ती पुडकी नीट पाहून ठेवा. १७ जानेवारी १९३०ला गौहर जान म्हैसुरातच वारतील. त्यांचा आवाज तेव्हा देशभर घरोघरी असेल, आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत या पुडक्यांत दडून राहील.

गदग, १९३०नंतरची पहिली काही वर्षं

थोडाच वेळ थांबायचंय. बाजारातल्या एका दुकानात फोनो वाजतोय. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड लागली आहे आणि बाहेर एक शाळकरी पोरगा थिजून उभा आहे. त्याचं नाव भीमसेन जोशी. अकराव्या वर्षी, १९३३ साली, तो गुरूच्या शोधात घर सोडेल. ही रेकॉर्ड त्याला काय शिकवून गेली, हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहील. तीन मिनिटांच्या तबकडीत किती ताकद असते, ते तुम्ही या दुकानाच्या पायरीवर पाहिलंत.

त्या तबकडीला हात लावून बघा. तिच्यात आपल्याच जंगलातली लाख आहे. दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे धागे मिसळून ही लाख दाबली जाते. जगभरच्या रेकॉर्डींसाठी ती हिंदुस्थानातून जाते. दुसऱ्या महायुद्धात तिचा तुटवडा होईल, १९४२ साली अमेरिकेत नव्या रेकॉर्डींसाठी लाखेच्या वापरावर मोठी कपात येईल आणि जुन्या तबकड्या वितळवून नव्या काढल्या जातील. अशा वितळलेल्या गाण्यांचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

किंग्स्टन, जमैका, १९७५च्या सुमारास

नावं गळून पडणं फक्त आपल्याकडेच होत नाही. समुद्रापार एका गल्लीत या. घराच्या एका खोलीत स्टुडिओ आहे. ऑस्बर्न रडॉक, ज्याला सगळे किंग टबी म्हणतात, रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करता करता ध्वनीचा कारागीर झाला. त्याच्यासमोर चार ट्रॅकचं मिक्सिंग टेबल आहे. तो एक कळ खाली ओढतो आणि गायकाचा आवाज नाहीसा होतो. उरतात ड्रम आणि बास. मग गाण्याची एकच ओळ तो परत आत सोडतो, तिच्यामागे प्रतिध्वनी लावतो, आणि ती ओळ खोलीत विरत विरत जाते. हे डब संगीत. सगळं रेगे या जमैकन संगीताच्या तयार मुद्रणावर, पण दर वेळी नवं.

असं मिक्सिंग झालं की ते मऊ लेप असलेल्या एकेरी तबकडीवर कापतात. तिला डबप्लेट म्हणतात. ती रस्त्यावरच्या साउंड सिस्टिमवर वाजते आणि काही डझन वेळा वाजवली की झिजते. पुष्कळ रेकॉर्डी कोऱ्या लेबलने बाजारात येतात. ड्रम कुणी वाजवला, टेप कुणी कापली, त्यावर काही नाही. १९८९ साली टबीचा खून झाला. १९९३ साली मँचेस्टरमध्ये ‘ब्लड अँड फायर’ ही कंपनी निघाली. तिने ‘हार्ट ऑफ द काँगोज’सारखे सत्तरच्या दशकातले अल्बम पुन्हा काढले, मूळ टेपांचा शोध घेतला आणि प्रत्येक अल्बमसोबत स्टुडिओ, वादक, काळ यांची सविस्तर टिपणं छापली. जगभरच्या नव्या कानांना डब कळला, त्यात या टिपणांचाही वाटा मोठा आहे.

मुंबई, १९९०

याच सुमारास मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर तिचा कारभार पुढे वर्षानुवर्षं वाहतील. संग्राहक पिशवीतून तबकड्या घेऊन येतात, एकत्र बसून ऐकतात आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या संस्थेच्या नियतकालिकात कलाकारांच्या सूच्या छापतात. चोरबाजारात शेजारी पडलेल्या दोन तबकड्यांपैकी दुर्मीळ कोणती, हे ज्यामुळे कळतं ती ही सूची. तिच्याशिवाय संग्रह म्हणजे नुसता ढीग.

बंगळुरू, २०१०नंतर

आता जरा निवांत बसा. म्हैसूरच्या फडताळातली ती पुडकी आठवतात? वडियार घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी राजवाड्याचं दप्तर चाळताना बंगळुरूच्या विक्रम संपत यांच्या हाती गौहर जानचे कागद लागले. त्यातून २०१० साली चरित्र आलं, आणि त्याचं नाव तोच कलकत्त्यातला पुकारा. मराठीत ते सुजाता देशमुख यांनी आणलं, ‘गौहर जान म्हणतात मला!’, आणि या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चरित्रानंतर संपत बर्लिनला गेले. तिथे जुन्या मुद्रणांचा अभ्यास करून परतल्यावर त्यांनी बंगळुरूत ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ ही ना-नफा संस्था उभी केली. भंगारवाल्यांकडून, संग्राहकांकडून ७८ गतीच्या रेकॉर्डी मिळवायच्या, त्यांचं डिजिटल रूप करायचं आणि कुणालाही फुकट ऐकता यावं म्हणून इंटरनेटवर ठेवायचं, हे तिचं काम.

आता तुमच्यासमोर एक जुनी तबकडी ठेवली आहे. आधी ती धुवायची. स्पिरिटला हात लावायचा नाही, लाख विरघळते. शुद्ध पाणी आणि मऊ ब्रश, तोही खोबणीच्या दिशेने, आणि लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. मग सुई. एल.पी.ची सुई इथे चालत नाही, ७८च्या खोबणीला जवळपास तिप्पट रुंद टोक लागतं. आधीच्या कुणी बोथट पोलादी पिनेने खोबणीचा वरचा भाग कुरतडला असेल, तर थोडं वेगळं टोक लावून खोबणीचा शाबूत भाग शोधायचा.

मग गती. सगळ्या ‘७८’ रेकॉर्डी ७८ने कापलेल्या नसतात. ७४ने कापलेली तबकडी ७८ने फिरवली, तर पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या जवळ जातं. ताना उगाच धावतात आणि गायिकेचा स्वर कोवळा वाटतो. त्या काळची पेटी, गायिकेची पट्टी, दुसऱ्या मुद्रणातला तिचा आवाज, सगळं जुळवून गती ठरवायची. खरखर काढणाऱ्या संगणकालाही मोकाट सोडायचं नाही. खरखर फार पुसली, तर तिच्याबरोबर सारंगीची धार आणि ‘स’काराचा श्वासही जातो.

शेवटी कागद पुढे ओढा. लेबलवरचा क्रमांक, लेबलजवळ कोरलेला मुद्रणक्रमांक, राग, भाषा, गायिका. सारंगीया कोण, तबलजी कोण, हे बहुतेक वेळा रिकामंच राहतं. ती जागा रिकामी ठेवा, पण ओळ काढू नका. कधीतरी एखाद्या नातवाकडे जुनं पत्र सापडेल आणि ती भरेल.

महाराष्ट्र, आज

तुमच्या माळ्यावर, आजोळच्या फडताळात नाट्यपदांच्या, भजनांच्या, पोवाड्यांच्या रेकॉर्डींची पेटी असेल, तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. घरातल्या ज्येष्ठांना आत्ताच विचारा: ही कुठून आणली, कोण ऐकायचं, मागे कोण वाजवतंय? मिळालेली नावं पाकिटावर पेन्सिलीने लिहा. मग एखाद्या संग्राहकाकडून तबकड्यांचं डिजिटल रूप करून घ्या आणि त्याच्या प्रती एका ठिकाणी ठेवू नका. एक घरी, एक संग्रहालयात, एक सगळ्यांना ऐकता येईल अशा जागी.

गौहर जाननी आपलं नाव स्वतः सांगून ठेवलं. पुष्कळांना ती संधी मिळाली नाही. कुणाला छापणाऱ्याने गाळलं, कुणाच्या वाट्याला कोरं लेबल आलं, कुणाला कारखान्यात वितळवलं. त्यांची नावं शोधून गाण्याशेजारी लिहिणं हे जुन्या संगीतावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे. नावाशिवाय पुन्हा काढलेल्या रेकॉर्डीला मी तरी अर्धवट म्हणेन.