लांडगामाणूस आणि न सापडलेला पट्टा

मैत्रिणींनो, माणसाचा लांडगा होतो असे सिनेमे आपण टीव्हीवर पाहतो, घाबरतो आणि विसरून जातो. पण युरोपात या गोष्टीपायी खरंच माणसांचे जीव गेले.

१५८९ साली जर्मनीत, कोलोन शहराजवळच्या बेडबुर्ग गावी पीटर श्टुंप याला पकडलं. छळाच्या धाकाने त्याने कबुली दिली : सैतानाने दिलेला पट्टा कमरेला बांधला की मी लांडगा होतो, माणसं मारतो. पट्टा शोधला, तो सापडलाच नाही. तरी त्याला हाल करून मारलं. सोबत त्याच्या मुलीला आणि आणखी एका बाईलाही देहदंड झाला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये या हकिगतीची पुस्तिका विकली गेली. लोकांची करमणूक झाली.

१९४१ साली ‘द वुल्फ मॅन’ हा सिनेमा आला. लेखक कर्ट सिओडमॅक नाझींमुळे जर्मनी सोडून आलेले ज्यू. त्यांचा लांडगामाणूस दुष्ट नाही, दुर्दैवी आहे.

सिनेमा जरूर पाहू या. पण गावात कुणा बाईला चेटकीण म्हटलं, तर गटाने आधी विचारू या : पुरावा कुठे आहे? महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आपल्या पाठीशी आहे.