स्टोन यांचे वर्गणीदार

घरून काम करणाऱ्यांसाठी मी ईमेलवर एक पत्रिका काढतो. वाचक वाढेनासे झाले की मला आय. एफ. स्टोन आठवतात. १९५२ मध्ये त्यांचं दैनिक बंद पडलं. मॅकार्थीच्या त्या काळात डाव्या पत्रकाराला नोकरी कोण देणार? १९५३ च्या जानेवारीत त्यांनी वॉशिंग्टनमधून चार पानी साप्ताहिक सुरू केलं. बंद पडलेल्या दैनिकांच्या जुन्या वाचकांना पत्रं धाडली. वर्षाला ५ डॉलर भरणारे सुमारे ५,३०० जण मिळाले. जाहिरात एकही नाही. वर्गणीचा सगळा व्याप पत्नी एस्थर यांनी सांभाळला, त्यांचं नाव मात्र क्वचितच घेतलं जातं. स्टोन यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते सरकारी कागदपत्रंच बारकाईने वाचत. १९७१ मध्ये अंक थांबला, तेव्हा वर्गणीदार ७० हजारांच्या घरात होते.