घरात भाजी पिकवताय? मग दिवा किती तास सुरू ठेवायचा, हे आधी समजून घ्या

खिडकीत ऊन येत नाही म्हणून अनेकजण ग्रो लाइट लावून घरातच लेट्युस, मायक्रोग्रीन्स किंवा कोथिंबीर पिकवतात. दिवा किती तास लावायचा, असं विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: १६ तास सुरू, ८ तास बंद. लेट्युससाठी हे ठीक आहे. पण सगळ्याच पिकांना हे वेळापत्रक चालत नाही.

झाड रात्र मोजतं

१९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागातील गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका जातीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ही जात उन्हाळ्यात फुलतच नव्हती. रोज काही तास अंधारात ठेवून तिचा दिवस लहान केला, तेव्हा ती फुलली. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की, अशी झाडं खरं तर सलग अंधाराचे तास मोजतात. मध्यरात्री थोडा वेळ प्रकाश पडला तरी त्यांचा हिशोब बिघडतो.

शेवंतीच्या पॉलिहाऊसमध्ये हेच तंत्र वापरतात. रोपांची उंची वाढेपर्यंत मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावतात. मग दिवे बंद करून, गरज असेल तर काळं कापड ओढून रात्र लांबवतात आणि कळ्या धरतात.

कोणत्या पिकाला किती तास?

- लेट्युस: १६ तास. फुलोरा येण्याआधीच काढणी होते.
- मायक्रोग्रीन्स: १२ ते १६ तास. एक-तीन आठवड्यांत कापणी होत असल्याने फुलोऱ्याचा प्रश्नच नाही.
- कोथिंबीर: सुमारे १२ तास. दिवस लांबला की ती लवकर फुलोऱ्यावर येते आणि पानं कमी मिळतात. पुण्यात डिसेंबरमध्ये दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सुमारे १३ तासांचा असतो. म्हणजे १६ तासांचा दिवस तिला आपल्याकडच्या शेतात कधीच मिळत नाही.
- टोमॅटो: १४ ते १६ तास. २४ तास दिवा ठेवल्यास पानं पिवळी पडतात.

तास कमी केले तर प्रकाश पुरेल का?

तासांइतकीच दिव्याची तीव्रताही महत्त्वाची आहे. रोपावर पडणारा उपयुक्त प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात. लेट्युसला दर चौरस मीटरला रोज साधारण १२ ते १७ मोल प्रकाश लागतो. रोपावर सेकंदाला २५० मायक्रोमोल प्रकाश पडत असेल, तर १६ तासांत १४.४ मोल होतात, १२ तासांत फक्त १०.८. तेवढाच प्रकाश १२ तासांत द्यायचा, तर तीव्रता सुमारे ३३३ मायक्रोमोल हवी. त्यासाठी दिवा थोडा खाली आणा किंवा जास्त क्षमतेचा घ्या. पानं करपत नाहीत ना, यावर मात्र लक्ष ठेवा.

वीजबिलाचं काय?

१०० वॅटचा दिवा रोज १६ तास चालला, तर ३० दिवसांत ४८ युनिट लागतात. १२ तासांना ३६. कोथिंबिरीवर १६ तास दिवा ठेवणं म्हणजे महिन्याला १२ युनिट जास्त जाळून तिला लवकर फुलोऱ्यावर आणणं.

थोडक्यात

आधी पीक ठरवा. पानं हवीत की फुलं-फळं, ते पाहा. त्यानुसार तास ठरवा आणि मग तेवढ्या तासांत पुरेल असा दिवा निवडा. एक टायमर लावा, म्हणजे रोजची वेळ चुकणार नाही. रात्र ठेवायची असेल, तर ती पूर्ण अंधाराची ठेवा. मध्येच खोलीतली ट्यूब लावली, तर काही पिकांचा हिशोब तिथेच बिघडतो.